पावसाआधीची रंगीत तालीम

सकाळी ७.४५

आज ग्रंथालयाला साप्ताहिक सुट्टी, म्हणून हा दिवस धरला. मे महिना उतरणीला लागला की माझ्याकडे असलेल्या प्रत्येक वाचनालयाकडून मी एक आख्खा दिवस मागून घेतो. कपाटातली बॅकअपची डिस्क काढायची, एक रिकामं मशीन घ्यायचं आणि चालू सर्व्हरला धक्का न लावता सगळं ग्रंथालय त्यावर पुन्हा उभं करून दाखवायचं. नाटकवाले याला रंगीत तालीम म्हणतील. संवाद पाठ असून भागत नाही. वेश, प्रकाश, पडदा सगळं लावून शेवटच्या अंकापर्यंत जाता येतं का, ते पाहायचं असतं.

ग्रंथालय तालुक्याचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, शंभरी ओलांडलेलं. पुस्तकांची सूची, सभासद, देवघेव, अनामत रकमा हे सगळं कोहा या मुक्त प्रणालीवर चालतं आणि ती प्रणाली ग्रंथालयाच्याच मागच्या खोलीत, ग्रंथालयाच्याच मालकीच्या संगणकावर आहे. ती भाड्याची नाही, कुणा कंपनीच्या खात्यातली नाही. याचं मला फार मोल वाटतं. पण तो सर्व्हर पुन्हा उभा करणं एकट्या तंत्रज्ञालाच येत असेल, तर तो संस्थेचा झाला असं मी मानत नाही. म्हणून आज कीबोर्डला मी हात लावणार नाही. निर्गम सहाय्यक मुलगी कीबोर्डवर बसेल, ग्रंथपाल मॅडम वहीतून पायऱ्या मोठ्याने वाचतील आणि मी मागे खुर्ची टाकून बसेन. वही अडली तरच बोलायचं, असं ठरलं आहे.

यामागे अगदी साधा हिशेब आहे. डिस्क जाईल ती जुलैत, मी दुसऱ्या तालुक्यात असताना आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद असताना. त्या दिवशी खोलीत जे कुणी असेल, त्यालाच हे यायला हवं.

सकाळी ८.१५

आधी चालू सर्व्हर. कोहाच्या पॅकेजमध्ये रोजचा बॅकअप आपोआप घेण्याची सोय आहे. त्यातून दोन फाइल तयार होतात. एकीत डेटाबेस असतो, दुसरीत त्या ग्रंथालयाची मांडणी, म्हणजे सेटिंग, डेटाबेसचा पासवर्ड वगैरे. जोडी एकाच वेळेची हवी. बसवल्यावर कुणी काही बदललं नाही, तर फक्त दोन दिवसांच्या प्रती राहतात, त्याआधीच्या पुसल्या जातात. दोन दिवस फार थोडे. एखाद्या शुक्रवारी सभासदांची एक अख्खी श्रेणी चुकीने बदलली गेली आणि मंगळवारी कुणाच्या लक्षात आलं, तर हाताशी असलेल्या दोन्ही प्रतींमध्ये ती चूक आधीच शिरलेली असते. इथे आम्ही चौदा दिवसांच्या प्रती ठेवतो आणि महिन्याची एक प्रत वर्षभर.

सर्व्हरवरच्या डेबियन या कार्यप्रणालीत ही रोजची कामं सकाळी ६.२५ ला सुरू होतात. कुठल्या तरी थंड खोलीत चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठी ही वेळ ठीक आहे. इथे वळवाच्या दिवसांत रात्री कुलूप लावताना शिपाई काका मेन स्विच खाली करतात, कारण विजा पडतात आणि त्या तारेतून आत येतात. काका बरोबरच करतात. पण मशीन बंद असेल तर ६.२५ नुसते निघून जातात. चुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर करून घेणारा ॲनाक्रॉन बसवलेला नसेल, तर त्या दिवशी बॅकअप होतच नाही, आणि झाला नाही असं सांगायलाही कुणी येत नाही. म्हणून इथली वेळ दुपारी सव्वा एकची आहे. देवघेव एक वाजता बंद होते, मशीन चालू असतं आणि माणूस जागेवर असतो. अशी वेळ कुठल्या पुस्तिकेत लिहिलेली सापडत नाही, ती शिपायाशी बोलून ठरते.

सहाय्यक फाइलींचे आकार वाचून दाखवते. कालची परवाच्यापेक्षा किंचित मोठी. असंच हवं, कारण ग्रंथालय वाढतच असतं. एकाएकी निम्मी झालेली किंवा काही बाइटची फाइल दिसली तर तिथेच थांबायचं. या तपासणीला मी एवढं महत्त्व देतो याला कारण आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या संस्थेत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. सुमारे ३०० जीबींपैकी थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या अनेक योजना त्यांच्याकडे होत्या. पण रोजची प्रत घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ती प्रत निघतच नव्हती. ती निघत नाही हे कळवणारे ई-मेल पलीकडच्या सर्व्हरने स्वीकारलेच नव्हते. शेवटी एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. जगभरचे प्रोग्रामर ज्यांच्याकडे आपलं काम ठेवायला देतात, त्यांची ही गत झाली. त्यांनी हे सगळं लपवून न ठेवता जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्यासारख्यांना त्यातूनच शिकता येतं.

सकाळी ९.१०

आता प्रती कुठे कुठे आहेत ते मोजायचं. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळीकडे सांगितला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. नियम छायाचित्रांच्या संग्रहासाठी होता, पण ग्रंथालयालाही चपखल लागू पडतो.

इथे पहिली प्रत सर्व्हरवरच आहे. तिला प्रत म्हणायलाही मी कचरतो, कारण मशीन गेलं की तीही गेली. सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असतात, पण तो बॅकअप नव्हे. एकीवर नोंद पुसली की दुसरीवरही त्याच क्षणी पुसली जाते. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. अशा दोन डिस्क आहेत. एक रोज सव्वा एकनंतर जोडायची, प्रत उतरली की काढून लोखंडी कपाटात ठेवायची. दुसरी कार्यवाहांच्या घरी, चढावरच्या आळीत. दर रविवारी त्यांची अदलाबदल होते. काढून ठेवायची, हे महत्त्वाचं. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या हाती सर्व्हरबरोबरच लागते. तिसरी प्रत रेस्टिक या प्रोग्रामने कुलूपबंद करून इंटरनेटवरून दूरच्या शहरात जाते.

रेस्टिकबद्दल एक तपशील सांगायलाच हवा, कारण तो न कळल्याने कित्येक ठिकाणी महिन्याचं इंटरनेट दहा दिवसांत संपतं. रेस्टिक फक्त बदललेले तुकडे पाठवतं. पण डेटाबेसची फाइल आधीच नेहमीसारखी झिप केलेली असेल, तर आत दहा ओळी बदलल्या तरी त्या जागेपासून पुढची फाइल वेगळीच होऊन बसते आणि रोज जवळजवळ सगळी नव्याने पाठवावी लागते. रेस्टिकसाठी म्हणून फाइल न दाबता द्यावी. दाबण्याचं काम ते स्वतः करतं.

दुसरी जागा खरोखर दुसरी हवी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. पण कोकणात आगीपेक्षा पाणी जवळचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली. पुस्तक एकदा चिखलात गेलं की त्याची प्रत रात्रीत काढता येत नाही. नोंदींची काढता येते. कोणती पुस्तकं होती, कोणती बाहेर वाचकांकडे सुरक्षित आहेत, कोणती दुर्मिळ म्हणून आधी शोधायची, हे त्या नोंदीच सांगतात. म्हणून त्या तळमजल्यावर असून चालत नाहीत. इथला सर्व्हर दोन वर्षांपूर्वी आम्ही माळ्याखालच्या मागच्या खोलीत चढवला.

मॅडम विचारतात, "आणि जुन्या हस्तलिखित अंकांचे स्कॅन? तेही यातच आले ना?"

नाही, ते यात येत नाहीत. स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि कोहाचा बॅकअप तिकडे फिरकत नाही. त्यांची वेगळी प्रत जाते, तीही आज उघडून पाहायची. हा प्रश्न विचारला गेला याचं मला समाधान वाटलं. बॅकअपमध्ये काय आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. काय नाही, हे मात्र नेमकं गरज पडते त्या दिवशी कळतं.

सकाळी १०.२०

रिकामं मशीन टेबलावर आलं. जुनाच संगणक आहे, त्यावर डेबियन आणि कोहा आधीच बसवलेलं. वहीतली पहिली पायरी: कोहाची आवृत्ती जुळते का ते पाहा. दरवर्षी मे आणि नोव्हेंबर अशा दोन मोठ्या आवृत्त्या येतात. नवं कोहा जुना डेटाबेस स्वीकारून त्यात आवश्यक ते बदल करून घेतं. जुन्या कोहाला नवा डेटाबेस वाचता येत नाही. इथे दोन्हीकडे एकच आवृत्ती आहे.

दुसरी पायरी वहीत लाल पेनने लिहिली आहे: नेटवर्कची तार काढा. सहाय्यक विचारते, कशाला? मांडणीच्या फाइलमध्ये "ई-मेल पाठवणं चालू" अशी खूणही बरोबर येते. म्हणजे तालमीचं मशीन उभं राहिलं की ते स्वतःला खरंच ग्रंथालय समजेल आणि रात्री उशिराच्या पुस्तकांच्या सूचना सगळ्या सभासदांना पाठवू लागेल. एका वाचकाला एकाच पुस्तकाबद्दल दोन सूचना गेल्या, त्यातली एक जुन्या नोंदीवरची, की त्याचा ग्रंथालयावरचा विश्वास उणावतो. तो पुन्हा मिळवणं सर्व्हर उभा करण्यापेक्षा अवघड. तार काढली जाते. नंतर ई-मेल बंद करण्याची आज्ञाही द्यायचीच आहे, पण आधी तार.

डिस्क जोडली, कालची जोडी नव्या मशीनवर उतरवली. मॅडम वाचतात, मुलगी टाइप करते: कोहा-रिस्टोअर, मग डेटाबेसची फाइल, मग मांडणीची फाइल.

"सर, एंटर मारू का?"

"वहीत काय लिहिलंय?"

"मारा असं लिहिलंय."

"मग मारा."

सकाळी १०.५०

पहिल्याच ओळीवर अडलं. पडद्यावर संदेश आहे: ओळ क्रमांक एक, अनोळखी आज्ञा. दोघी माझ्याकडे पाहतात. अशाच क्षणासाठी हा दिवस राखून ठेवलेला असतो.

प्रत खराब नाही. झालं ते असं. कोहाचा डेटाबेस ज्या प्रोग्रामवर चालतो, त्या मारियाडीबीने मे २०२४ मध्ये सुरक्षेसाठी एक बदल केला. डेटाबेसच्या प्रतीमध्ये कुणी वाईट हेतूने संगणकालाच हुकूम देणारी ओळ घुसवली, तर प्रत उतरवताना ती चालून जाऊ नये, यासाठी प्रत काढणारा प्रोग्राम आता फाइलच्या अगदी सुरुवातीला एक खास ओळ लिहितो. नव्या प्रोग्रामला तिचा अर्थ कळतो. जुन्याला तो कळत नाही आणि तो तिथेच ठप्प होतो. कोहाची आवृत्ती दोन्हीकडे एकच असली, तरी चालू सर्व्हरवरचे बाकीचे प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत होत आले आहेत. तालमीचं मशीन मागच्या वर्षभर गोणपाटाखाली पडून होतं.

यावर उपाय दोन. मशीन इंटरनेटला जोडून अद्ययावत करायचं, किंवा फाइलच्या प्रतीतून ती पहिली ओळ तेवढी काढायची. मी दुसरा निवडायला सांगतो, कारण खऱ्या प्रसंगी इंटरनेट असेलच याचा भरवसा नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची नक्कल करायची, नकलेतली पहिली ओळ कापायची. सहाय्यक ते करते आणि मॅडम वहीत नवी पायरी लिहून घेतात, आपल्या शब्दांत. मी सांगितलेलं वाक्य त्यांनी बदललं आणि त्यांचं जास्त स्पष्ट आहे.

पण अर्धवट उभं राहिलेलं ग्रंथालय आधी पाडायला हवं. कोहा-रिस्टोअरला पाटी कोरी लागते. पाडण्याची आज्ञा कोहा-रिमूव्ह. इथे मी पहिल्यांदा उठून दोघींच्या शेजारी जाऊन उभा राहतो. ही आज्ञा चुकून चालू सर्व्हरवर दिली गेली तर आजची तालीम नाही, खरा प्रयोगच करावा लागेल. गिटलॅबमध्येही नेमकं हेच झालं होतं. अभियंत्याला वाटलं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. होता मुख्य सर्व्हरवर. म्हणून चालू सर्व्हरची खिडकी आम्ही लाल रंगाची ठेवली आहे, आणि वहीचा नियम असा की पाडण्याची आज्ञा देण्याआधी मशीनचं नाव मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्या माणसाने "बरोबर" म्हणायचं.

"तालीम," मुलगी वाचते. मशीनचं नावच ते आहे.

"बरोबर," मॅडम.

सकाळी ११.४०

दुसऱ्या खेपेला काही न बोलता काम चालू झालं. डेटाबेस उतरतो आहे. आता थांबायचं.

या वेळात मी कोहाच्या जन्माची हकीकत सांगतो, कारण ती ग्रंथालयाच्या माणसांची आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा छोटा जिल्हा आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती आणि नवी विकत घेणं परवडणारं नव्हतं. त्यांनी कातिपो या न्यूझीलंडमधल्याच कंपनीकडून स्वतःपुरती प्रणाली लिहून घेतली आणि ३ जानेवारी २००० ला ती सुरू केली. मग ती मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकली. आज आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांची आणि वाचनालयांची कपाटं तिच्यावर उभी आहेत. तालुक्याएवढ्या एका ग्रंथालयाने आपली गरज भागवताना जगाची भागवली. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

दुपारी १.४५

जेवणं उरकली. डेटाबेस उतरला आहे, मांडणी जागेवर बसली आहे, पान उघडतं. ग्रंथालयाचं नाव वर देवनागरीत स्वच्छ दिसतं, प्रश्नचिन्हांच्या रांगा नाहीत. मुलीच्या चेहऱ्यावर आनंद आहे, पण मी तिला आधी शोध घ्यायला सांगतो. इंग्रजी पुस्तकाचं नाव सापडतं. "पेंडसे" टाकल्यावर निकाल शून्य. श्री. ना. पेंडसे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, ज्यांच्या कादंबऱ्यांसाठी इथे आजही नंबर लागतात. ते सापडत नसतील तर हे ग्रंथालय उभं राहिलं असं म्हणता येणार नाही.

पुस्तक गेलेलं नाही. डेटाबेसमध्ये ते आहे, शोधाच्या निर्देशांकात नाही. कोहामध्ये शोधाचं काम झेब्रा नावाचा वेगळा प्रोग्राम करतो, आणि मूळ मांडणीत तो अक्षरांच्या अशा तक्त्यावर चालतो जो युरोपी लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. देवनागरीसाठी त्याला आयसीयू या पद्धतीवर वळवावं लागतं. हा बदल ज्या फाइलमध्ये असतो, ती एका ग्रंथालयाची नसून सगळ्या मशीनची असते. त्यामुळे कोहाच्या रोजच्या बॅकअपमध्ये ती येतच नाही. इंग्रजी पुस्तकांच्या ग्रंथालयाला ही उणीव जन्मात जाणवणार नाही. आपल्याला ती पहिल्या शोधालाच जाणवते. म्हणून आम्ही कोहाच्या मांडणीचं सगळं फोल्डर तिसरी फाइल म्हणून वेगळं ठेवतो.

ही पायरी वहीत शोधानंतर ठेवली आहे, मुद्दाम. शून्य निकाल म्हणजे पुस्तकं पुसली गेली असं नव्हे, हे लक्षण डोळ्यांनी पाहिलेलं असावं. घाबरलेला माणूस अशा वेळी चांगला बॅकअप खराब समजून आणखी जुना उतरवायला घेतो आणि हातातलं गमावून बसतो.

तिसऱ्या फाइलमधून दोन ओळींची मांडणी आली. मग संपूर्ण निर्देशांक नव्याने बांधायची आज्ञा. पडद्यावर आकडे धावू लागले. जुन्या मशीनला हे काम जड जातं आणि पंख्याचा आवाज वाढतो.

निर्देशांक तयार झाल्यावर पेंडसे सापडले. मॅडम स्वतः "तऱ्हा" टाकून पाहतात. हा शब्द संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी साठवला जातो. कुणी थेट ऱ लिहितं, कुणी र आणि खाली टिंब, तर जुन्या कीबोर्डवरून अदृश्य जोडाक्षर-खूण घालून काम भागवलेलं असतं. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आयसीयू पहिले दोन एक करतं. तिसऱ्या प्रकारची काही शीर्षकं आजही निसटली. ती आजच्या कामातली नाहीत, पण मॅडमनी त्यांची यादी करून घेतली. पावसात वाचक कमी असतात तेव्हा दुरुस्त करू म्हणाल्या.

दुपारी ३.२०

पान उघडलं, शोध लागला. तरी हे तेच ग्रंथालय आहे याचा पुरावा अजून हाती नाही. तो कागदातून काढायचा.

कपाटातून दाखल नोंदवह्या निघाल्या, जुन्या, कापडी बांधणीच्या. मॅडम कुठलंही पान उघडून दाखल क्रमांक वाचतात, मुलगी मशीनवर तो शोधते, काका कपाटातून पुस्तक आणून बारकोड दाखवतात. वही, पडदा आणि पुस्तक तिन्ही जुळायला हवीत. सुरुवातीची पानं, मधली, अगदी अलीकडची. एक पुस्तक पडद्यावर "उपलब्ध" आहे आणि कपाटात नाही. काकांना आठवलं, ते बांधणीला गेलंय. हा दोष बॅकअपचा नाही, नोंदीचा. तो चालू सर्व्हरवर दुरुस्त होईल.

मग सभासद. अनामत रकमांची एकूण बेरीज खातेवहीशी ताडून पाहिली. पैशांची बेरीज जुळणं ही माझ्या मते सगळ्यात कडक परीक्षा. पुस्तकाच्या शीर्षकात एक अक्षर इकडेतिकडे झालं तर चालून जातं, अनामत परत मागायला आलेल्या सभासदासमोर मात्र काही चालत नाही. बेरीज जुळली.

शेवटी देवघेव. मशीनवरची अखेरची नोंद काल रविवारी दुपारी एकच्या थोडी आधीची आहे. काल संध्याकाळी चार ते आठ या वेळात जी पुस्तकं गेली-आली, ती इथे नाहीत. प्रत सव्वा एकची, तेव्हा ती नसणारच. पण रविवारची संध्याकाळ ही आठवड्यातली सर्वांत गर्दीची वेळ. सर्व्हर रविवारी रात्री गेला असता तर तेवढी देवघेव पुन्हा लिहावी लागली असती, आणि ती लिहायला काउंटरवरच्या कच्च्या वहीशिवाय काही नाही. कच्ची वही मॅडम अजून चालू ठेवतात. वरून कुणीतरी त्यांना विचारलं होतं, संगणक आल्यावर ही कशाला? त्यांनी ती बंद केली नाही, याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले.

किती वेळाची नोंद गमावणं परवडेल, हे तंत्रज्ञाने ठरवू नये. मॅडम म्हणाल्या, एक संध्याकाळही नको. तर मग रात्री देवघेव थांबल्यावर, कुलूप लावण्याआधी दुसरी प्रत घ्यायची, काकांनी स्विच खाली करण्याआधी पडद्यावर "झाली" हा शब्द पाहायचा. काका तयार आहेत.

दुपारी ४.३०

किल्ल्यांचं काम. दूरच्या शहरातली प्रत कुलूपबंद आहे आणि तिचा पासवर्ड गेला तर ती प्रत असून नसल्यासारखी. रेस्टिक लिहिणाऱ्यांनाही ती उघडता येणार नाही. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर अध्यक्ष आणि कार्यवाहांच्या सह्या घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. आज ते पाकीट आणून फोडलं. त्यातल्या कागदावरून मुलीने पासवर्ड टाइप केला आणि दूरच्या प्रतीतली एक फाइल मागवून उघडली. त्यासाठी चालू सर्व्हरही नको आणि तालमीचंही. वाचनकक्षातला साधा संगणक घेतला. उघडली. नवा कागद, नवं पाकीट, नव्या सह्या.

बाहेरच्या डिस्कही कुलूपबंद असतात. एवढा खटाटोप कशाला, असं कार्यकारिणीत विचारलं गेलं होतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या, मास्टोडॉन समाजमाध्यमाच्या लोकांनीच चालवलेल्या सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरावर एफबीआयने वेगळ्याच प्रकरणात छापा घातला. त्या वेळी दुरुस्तीसाठी काढलेली डेटाबेसची प्रत तिथे कुलपाविना होती, तीही जप्त झाली. हजारो सदस्यांचे ई-मेल पत्ते, खासगी संदेश त्यात होते. सदस्यांनी विश्वासाने दिलेली माहिती मूळ सर्व्हरवर कितीही जपली, तरी तिचं खरं संरक्षण तिच्या सर्वांत ढिल्या प्रतीएवढंच असतं.

ग्रंथालयात तर कोण काय वाचतं याची नोंद असते. एखाद्याने कोणत्या आजारावरची पुस्तकं नेली, कोणत्या कायद्यावरची, कोणत्या विचारांची. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून वाचकाचं नाव काढून टाकण्याची सोय कोहात आहे आणि इथे ती ठरावीक काळाने चालते. पण जुन्या बॅकअपमध्ये नावं तशीच राहतात. म्हणून वर्षापेक्षा जुनी प्रत आम्ही ठेवत नाही. जास्त जुनं ठेवणं म्हणजे जास्त सुरक्षित, असं सभासदांच्या माहितीच्या बाबतीत मला वाटत नाही.

संध्याकाळी ५.४५

कार्यवाह आले. त्यांच्यासमोर मुलीने तालमीच्या मशीनवर त्यांचंच सभासदखातं उघडून दाखवलं. त्यांच्या नावावर एक पुस्तक मुदत उलटून गेलेलं निघालं आणि त्यांनी उद्या आणून देण्याचं कबूल केलं. रात्रीच्या दुसऱ्या प्रतीला त्यांनी होकार दिला. तालमीच्या मशीनसाठी नव्या डिस्कचा खर्च पुढच्या सभेत मांडतो म्हणाले. ते मशीन यापुढे दर महिन्याला एकदा सुरू करून अद्ययावत करायचं, हेही ठरलं.

मॅडमनी वहीत नोंद केली: तारीख, कोणती प्रत उतरवली, किती वाजता सुरुवात, किती वाजता पेंडसे सापडले, कुठे अडलं, कशाने सुटलं. खाली त्यांची आणि सहाय्यकेची सही. माझी सही लागत नाही. मी आग्रहाने लावलीही नाही.

आता तालमीचं मशीन पुसायचं. त्यावर सगळ्या सभासदांची माहिती आहे आणि ते उघड्या टेबलावर राहता कामा नये. मुलगी मशीनचं नाव मोठ्याने वाचते, या वेळी "बरोबर" कार्यवाह म्हणतात. त्यांना पद्धत कुणी सांगितलेली नव्हती, ऐकून कळली.

पुढची तालीम दिवाळीनंतर, दूरच्या प्रतीवरून, बाहेरच्या डिस्क कपाटात कुलपातच ठेवून. तेव्हा कीबोर्डवर मॅडम बसतील आणि वही मुलगी वाचेल. मला फोन करायचा नाही असं त्यांनीच सुचवलं. काल डिस्कची अदलाबदल राहून गेली होती. कार्यवाहांनी घरून आणलेली दुसरी डिस्क कपाटात गेली, आजची पहिली त्यांनी पिशवीत घातली आणि जिना उतरले.